मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची यॉट कान्होजी आंग्रेंनी पकडली आणि कंपनीला तहाला बसवलं

कल्याणहून कर्जतची लोकल पकडली की पहिलं स्टेशन लागतं विठ्ठलवाडी. एका बाजूला उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला कल्याण पूर्व आणि जवळून वाहणारी वालधुनी. आज वालधुनीचं नाव निघतं ते प्रदूषणाच्या नाहीतर पुराच्या बातमीत. पण ही नदी पुढे जाऊन कल्याणच्या खाडीला मिळते, आणि त्या खाडीच्या काठावर मराठा आरमाराची सुरुवात झाली होती.

१६५७ च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ताब्यात घेतलं. खाडीवर दुर्गाडीचा किल्ला उभा राहिला आणि जहाजं बांधायला घेतली. मागच्या जंगलात सागाचं लाकूड होतं, समोर थेट समुद्राला जाणारं पाणी होतं. कारागीर म्हणून रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज जहाजबांधणी तज्ज्ञ कामाला होता. वसईच्या पोर्तुगीजांना याचा सुगावा लागला, त्यांनी दबाव आणला आणि हे पोर्तुगीज कारागीर काम सोडून निघून गेले. पण आरमाराचं काम थांबलं नाही. आज दुर्गाडीजवळ नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही बोट ठेवली आहे, तीही उथळ पाण्यात गस्त घालण्यासाठी बांधलेली.

आरमार सुरू झालं कल्याणला. पण त्या आरमाराचा खरा धाक मुंबईच्या इंग्रजांना, गोव्याच्या पोर्तुगीजांना आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला बसला तो पुढच्या पिढीत. तो धाक बसवणाऱ्या माणसाचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

त्यांच्या आयुष्यात लढाया पुष्कळ झाल्या. पण एक शिकार अशी होती की जिच्यामुळे मुंबईच्या गव्हर्नरला मान खाली घालून बोलणी करावी लागली. ती शिकार होती खुद्द गव्हर्नरची यॉट.

यॉट म्हणजे मुळात काय?

आज यॉट म्हटलं की डोळ्यासमोर येते गेटवेला उभी असलेली पांढरीशुभ्र बोट, नाहीतर शिडं फुगवून शर्यतीत धावणाऱ्या बोटी. पण हा शब्द आला डच भाषेतून, आणि तिथं त्याचा अर्थ आहे पाठलाग, शिकार. उथळ पाण्यात चोरट्या जहाजांचा पाठलाग करायला डच लोकांनी हलक्या, चपळ बोटी बांधल्या. त्यांना त्यांनी शिकारी जहाज असं नाव दिलं. त्याचीच पुढे यॉट झाली.

१६६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या लोकांनी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मेरी नावाची अशी एक यॉट भेट दिली. राजाला तिचं वेड लागलं. त्यानं आपल्यासाठी नवी यॉट बांधून घेतली, तिचं नाव कॅथरिन. त्याच्या भावानं बांधून घेतली, तिचं नाव ॲन. १६६१ च्या ऑक्टोबरमध्ये दोघा भावांनी शंभर पौंडांची पैज लावून थेम्स नदीत ग्रीनिच ते ग्रेव्हसेंड आणि परत अशी शर्यत लावली. जाताना राजा हरला, येताना जिंकला. इंग्लंडमधल्या यॉट शर्यतींची सुरुवात इथूनच धरली जाते.

आता यात आपला काय संबंध? तर राजाच्या यॉटला जिचं नाव दिलं होतं ती म्हणजे पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रागांझा. त्याच १६६१ साली तिच्या लग्नाचा करार झाला आणि हुंड्यात राजाला मिळालं मुंबई बेट. १६६८ मध्ये राजानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. म्हणजे इंग्लंडची यॉटची हौस आणि इंग्रजांची मुंबई, दोन्ही एकाच वर्षाची आणि एकाच राजाची.

मुंबई मिळाली, पण मुंबईच्या बाहेरचा समुद्र मात्र मिळाला नव्हता.

सुवर्णदुर्गावर वाढलेला पोरगा

कान्होजींचा जन्म १६६९ सालचा. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत, सुवर्णदुर्गावर. मूळ आडनाव संकपाळ, आंग्रे हे नाव आंगरवाडी या गावावरून आलं असं सांगतात. हर्णैसमोर समुद्रात उभ्या असलेल्या या किल्ल्याच्या आसपास कान्होजींचं लहानपण गेलं. भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या खडकाजवळून होडी जाते आणि कुठल्या खडकावर फुटते, हे शाळेत शिकायची गरज नव्हती. ते रोजचंच होतं.

कान्होजी दहा वर्षांचे असताना, १६७९ मध्ये, खांदेरीचं प्रकरण झालं. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी तिथं ठाण मांडून बसले. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या निमुळत्या होड्या वल्ही मारत वेढ्यातून निसटायच्या आणि बेटावर माणसं, दाणागोटा, दारूगोळा पोहोचवायच्या. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागच्या जागी खिळायची आणि होड्या त्यांच्यासमोरून निघून जायच्या. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाचं आरमार चालून आलं तेव्हा इंग्रजांचं डव्ह हे जहाज मराठ्यांनी पकडलं. रिव्हेंज या जहाजानं मात्र कडवी झुंज दिली. पण शेवटी इंग्रजांना वेढा उठवावा लागला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

पुढे कान्होजींनी जे केलं त्याचं मूळ याच लढाईत दिसतं. मोठ्या जहाजाशी बरोबरी करायची नाही, त्याला जे जमत नाही ते करायचं.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतरचा काळ कठीण होता. मुघल फौजा सगळीकडे पसरल्या होत्या, सिद्दी एकेक किल्ला गिळत होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदारच शत्रूला फितूर झाला तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला पकडून किल्ला वाचवला, अशी कथा सांगितली जाते. इतकं नक्की की याच काळात ते सुवर्णदुर्गावरून वर आले. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं आणि १६९८ मध्ये गुजरांचं निधन झाल्यावर आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली. सरखेल ही पदवीही त्यांना मिळाली. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख.

त्यांनी आपलं मुख्य ठाणं केलं अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी. इथून मुंबईवर नजर ठेवता येत होती, आणि हेच इंग्रजांना खुपत होतं.

गुराब आणि गलबत यांची जोडी

कान्होजींची जहाजं वेगवान होती असं आपण ऐकतो. पण ती वेगवान कशी होती हे समजून घेतल्याशिवाय त्या यॉटचं काय झालं ते कळणार नाही.

त्यांच्या आरमारात मुख्य दोन प्रकार होते. पहिला गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज. दोन डोलकाठ्यांचं साधारण दीडशे टनांपर्यंत, तीनचं तीनशे टनांपर्यंत. तळ असा की कमी पाण्यातही तरंगेल. पुढचं टोक निमुळतं आणि लांब. मुख्य तोफा बाजूला न लावता पुढच्या तोंडाशी लावलेल्या, नऊ ते बारा पौंडी गोळे फेकणाऱ्या.

दुसरा प्रकार गलबत. गुराबासारखीच बांधणी पण आकार लहान, मोठ्यात मोठं सत्तर टनांचं. शिडं होतीच, पण खरी ताकद चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा असो वा नसो, ताशी सहा-साडेसहा किलोमीटर वेगानं ते नुसत्या वल्ह्यांवर जाऊ शकायचं. आपण भरभर चालतो तेवढा हा वेग. ऐकायला कमी वाटतो. पण समोरचं जहाज जागेवर उभं असेल तर तेवढा पुष्कळ झाला.

आणि ते उभं राहायचंच. कारण कोकणचा वारा. पावसाळा संपला की इथं वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. या दोन्हींच्या मध्ये, वारा बदलताना, काही काळ सगळं शांत होतं. पान हलत नाही. इंग्रजांच्या शिडांच्या जहाजाला या वेळी काहीच करता येत नसे. कान्होजींची माणसं याच वेळेची वाट बघत.

मग गलबतं दोर लावून गुराबांना ओढत न्यायची आणि शत्रूच्या मागच्या बाजूला आणून ठेवायची. मागच्याच बाजूला का? कारण इंग्रजी जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. मागे जेमतेम एखाद-दुसरी. आणि वाऱ्याविना जहाज वळवता येत नसल्यामुळे कुशीच्या तोफा शत्रूवर रोखताच येत नसत. गुराबांच्या पुढच्या तोफा आधी डोलकाठ्या आणि शिडांच्या दोरांवर मारा करायच्या. म्हणजे नंतर वारा आला तरी जहाज पळू नये. ते लंगडं झालं की गलबतांमधून शे-दोनशे माणसं तलवारी घेऊन त्यावर चढायची.

ही माणसं होती कोळी, भंडारी, गाबीत, दालदी. पिढ्यानपिढ्या याच पाण्यावर पोट भरणारी. आज समुद्री शर्यतीत बोटीचं डिझाइन कितीही भारी असलं तरी वारा आणि भरती-ओहोटी वाचणारा चालकदल नसेल तर बोट मागे पडते. तेच तेव्हाही खरं होतं.

अर्थात दर वेळी जमायचंच असं नाही. १७१० मध्ये कान्होजींच्या जहाजांनी गोडॉल्फिन नावाच्या इंग्रजी जहाजाला मुंबईच्या नजरेच्या टप्प्यात दोन दिवस घेरलं होतं. पण ते जहाज शेवटी निसटलं. जहाज मोठं, तोफा भरपूर आणि वाऱ्यानं साथ दिली की हिशेब उलटायचा.

दस्तकाचं भांडण

आता प्रश्न पडतो की कान्होजी इंग्रजांची जहाजं पकडत का होते?

तर हा सगळा वाद दस्तक नावाच्या कागदाचा होता. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. कोकणचा किनारा छत्रपतींचा, म्हणून किनाऱ्याजवळचा समुद्रही छत्रपतींचा. इथून व्यापारी जहाज न्यायचं असेल तर आमच्याकडून दस्तक घ्या, त्याचे पैसे भरा आणि बिनघोर जा. दस्तक नसेल तर जहाज आणि माल जप्त.

यात नवीन काहीच नव्हतं. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रज कंपनीही देशी व्यापाऱ्यांना आपले परवाने देत होती. पण तोच परवाना एक मराठा सरदार मागायला लागला तेव्हा इंग्रजांनी त्याला चाचा ठरवलं. त्यांच्या कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख वर्षानुवर्षं समुद्री लुटारू असाच येतो.

१७०२ मध्ये कान्होजींनी कालिकतहून येणारं एक छोटं जहाज सहा इंग्रजांसह पकडलं, तेव्हापासून ठिणग्या पडत होत्या. दहा वर्षांनी भडका उडाला.

नोव्हेंबर १७१२

त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता विल्यम एस्लाबी. त्याची स्वतःची तोफा बसवलेली यॉट होती, नाव अल्जेरीन. कारवारला कंपनीची मिरीची वखार होती आणि तिथला नवा प्रमुख होता थॉमस चाऊन.

चाऊनची बायको कॅथरिन अजून वीस वर्षांचीही नव्हती. १७०९ मध्ये आईवडिलांसोबत कारवारला आली तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. तिथंच तिचं लग्न जॉन हार्वी या वयानं कितीतरी मोठ्या अधिकाऱ्याशी लावून दिलं गेलं. तो वारला. मग तिनं चाऊनशी लग्न केलं. आता ती गरोदर होती.

नोव्हेंबर १७१२ च्या सुरुवातीला मुंबई आणि कारवारच्या वाटेवर अल्जेरीन यॉट आणि तिच्यासोबतचं ॲन नावाचं जहाज कान्होजींच्या गुराबांच्या तावडीत सापडलं. जोरदार लढाई झाली. तोफगोळा लागून चाऊन मारला गेला. इंग्रजांचा प्रतिकार संपला आणि गव्हर्नरची यॉट मराठ्यांच्या हाती पडली. कॅथरिन आणि बाकीचे लोक कैद झाले.

ज्या प्रकारच्या बोटीचं नावच पाठलाग असं होतं, तिचीच शिकार झाली होती.

मुंबईत खळबळ माजली. एखादं मालवाहू जहाज गेलं तर कंपनी तोटा सोसून गप्प बसायची. पण गव्हर्नरची यॉट जाणं म्हणजे थेट अब्रूचा प्रश्न. त्यात एक गरोदर इंग्रज बाई कैदेत. लढून सोडवावं तर कंपनीकडे तेवढं बळ नव्हतं. शेवटी एस्लाबीनं बोलणी सुरू केली.

१७१३ च्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये मोजल्यावर कॅथरिन आणि बाकीचे कैदी मुंबईला परत आले. थोड्याच दिवसांत तिला मुलगा झाला. पुढे तिनं विल्यम गिफर्ड या कंपनीच्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. तोही १७२१ मध्ये केरळात अट्टिंगलला झालेल्या उठावात मारला गेला. पंचविशीच्या आसपास ती तिसऱ्यांदा विधवा झाली. नफ्यासाठी चाललेल्या या व्यापारात तिचं काय झालं हे फार कुणी विचारलं नाही.

कैद्यांसोबत तहही झाला. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना कान्होजी हात लावणार नाहीत असं ठरलं. वरवर पाहता इंग्रजांना हवं ते मिळालं. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर ज्याला चाचा म्हणत होते त्याच्याशी कंपनी बरोबरीच्या नात्यानं करार करत होती. चाच्यांशी तह करत नाहीत. तह होतो तो सत्तेशी.

शाहू की ताराबाई?

कान्होजींनी हा तह का केला, हेही बघायला हवं. कारण त्याच वेळी जमिनीवर त्यांच्याविरुद्ध वारं फिरलं होतं.

१७०७ मध्ये शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्या गादीचे दोन वारस झाले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. झालं उलटंच. कान्होजींनी पेशव्यालाच पकडलं, लोहगड घेतला आणि साताऱ्यावर चालून जायची तयारी केली.

अशा वेळी शाहूंनी एका हुशार माणसाला पुढे केलं, बाळाजी विश्वनाथ भट. श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातलेच. त्यांना नवे पेशवे केलं आणि कान्होजींकडे पाठवलं. १७१४ मध्ये लोणावळ्याजवळ दोघांची बोलणी झाली. कान्होजींनी शाहूंची बाजू घ्यायचं मान्य केलं, पिंगळ्यांना सोडलं. बदल्यात सरखेलपद कायम राहिलं, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. तलवार न उपसता मराठेशाहीचं आरमार एका छत्राखाली आलं.

आता कान्होजींच्या पाठीशी सातारा होता, आणि इंग्रजांशी दस्तकाचं भांडण पुन्हा उकरून निघालं होतं. कारण मुंबईचे देशी व्यापारी इंग्रजांचं निशाण लावून आपला माल न्यायला लागले. कान्होजी म्हणत, तहात कंपनीची जहाजं आहेत, निशाण भाड्यानं घेणारी नाहीत. त्यांनी ती पकडायला सुरुवात केली.

चार्ल्स बून हरतो

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. कान्होजींना संपवायचंच, असा त्यानं चंग बांधला. मुंबईभोवती तट बांधून घेतला, नवी लढाऊ जहाजं बांधून घेतली.

मग एकामागून एक मोहिमा निघाल्या. विजयदुर्गावर हल्ला, परत फिरले. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला, परत फिरले. १७२० मध्ये फ्रॅम नावाचा एक अजस्र तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्गावर गेले, पुन्हा परत फिरले.

अपयशाचं खापर फोडायला बूनला कुणीतरी हवं होतं. बळी गेला रामा कामती. मुंबईतला मोठा सारस्वत व्यापारी, कंपनीचा जुना विश्वासू माणूस, वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा. तो कान्होजींना आतून खबरा देतो असा आरोप ठेवून १७२० मध्ये त्याच्यावर खटला भरला. संपत्ती जप्त झाली, जन्मठेप झाली. ज्या पत्रांवर शिक्षा झाली ती बनावट होती, हे नंतर उघड झालं. तोवर उशीर झाला होता. रामा कामती १७२८ मध्ये कैदेतच मेला. कान्होजींची भीती मुंबईत किती खोलवर शिरली होती हे यावरून कळतं.

१७२१ मध्ये बूननं शेवटचा डाव टाकला. पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली. इंग्लंडहून कमोडोर थॉमस मॅथ्यूज राजाच्या युद्धनौका घेऊन आला. सुमारे सहा हजारांची एकत्र फौज डिसेंबरमध्ये अलिबागला उतरली. समुद्रावर जमत नाही तर जमिनीवरून कुलाबा घेऊ, असा हिशेब.

पण जमिनीवर आता कान्होजी एकटे नव्हते. पिलाजी जाधवांचं घोडदळ आलं, मागोमाग पेशवा बाजीराव आला. लोणावळ्याला बाळाजी विश्वनाथांनी जोडलेलं नातं त्यांच्या मुलानं निभावलं. मॅथ्यूज स्वतः एका मराठा घोडेस्वाराच्या भाल्यानं जखमी झाला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांवर दोषारोप करायला लागले. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी वरसोलीला बाजीरावाशी वेगळा तह केला. इंग्रज एकटे पडले आणि जहाजांवर चढून मुंबईला परतले.

१७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर हल्ला करून पाहिला. ज्यांनी जगाला यॉट दिली त्यांचंही इथं काही चाललं नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही मोठा जलदुर्ग इंग्रजांना घेता आला नाही. त्यांची समाधी आजही अलिबागमध्ये आहे.

मग हे आरमार गेलं कुठं?

बाहेरच्यांनी जे केलं नाही ते घरच्यांनी केलं. थोरले सेखोजी चार वर्षांत गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत भांडण लागलं, आरमाराचे दोन तुकडे झाले. एक कुलाब्याला, दुसरा विजयदुर्गाला. पुढे विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे आणि पेशवे नानासाहेब यांचं बिनसलं. नानासाहेबांनी तुळाजींविरुद्ध चक्क इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग पाडाव केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले. बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं.

बूनला जे जमलं नाही ते आपसातल्या भांडणानं एका दिवसात करून दाखवलं. मराठ्यांकडे जमिनीवर अटकेपर्यंत जाणारी फौज होती, पण समुद्राचं दार उघडं पडलं ते पडलंच.

आज काय उरलंय?

खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आहेत.

आणि शिडाच्या बोटींचं म्हणाल तर ती विद्याही कोकणपट्टीत संपलेली नाही. गोव्यातल्या रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत आराखडा डच असलेली म्हादेई ही ५६ फुटी बोट बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे या मराठी नौदल अधिकाऱ्यानं ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून एकट्यानं जगाला प्रदक्षिणा घातली आणि मे २०१० मध्ये ते मुंबईतच परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. हीच म्हादेई पुढे केपटाऊन ते रिओ या अटलांटिक पार करणाऱ्या शर्यतीतही धावली. तिच्यामागोमाग तिची बहीण तारिणी आली आणि नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यावरून जग फिरून आल्या.

राहता राहिला इंग्रजांनी दिलेला चाचा हा शिक्का. मुंबईच्या फोर्ट भागात जिथं ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य ठाणं होतं, त्या बॉम्बे कॅसलच्या आवारात आज भारतीय नौदलाचा तळ आहे. इंग्रजांच्या काळात या तळाला डलहौसीचं नाव होतं. १९५१ मध्ये ते बदललं. ज्या जागेवरून कान्होजींना पकडण्याचे बेत आखले गेले, त्या जागेचं अधिकृत नाव आता आयएनएस आंग्रे असं आहे.